नव्या गाडीच्या टचस्क्रीनचे आणि सॉफ्टवेअरचे दोष : किती चालवून घ्यावे आणि कुठे अडून बसावे?

गोदाकाठ (नाशिक)

गेल्या दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. पेट्रोल, ऑटोमॅटिक, वरच्या श्रेणीतले मॉडेल, ऑन-रोड किंमत १७ लाखांच्या आसपास. इंजिन, गिअर, सस्पेन्शन यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट गाडी चालवायला इतकी छान आहे की बाकीच्या गोष्टींचा राग त्यामुळे अधिकच येतो. त्रास आहे तो मधल्या टचस्क्रीनचा आणि एकूण सॉफ्टवेअरचा. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव घेतले की चर्चेत दोन तट पडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

फोनची वायरलेस जोडणी अधूनमधून तुटते आणि नकाशा ऐन वळणावर नाहीसा होतो, हे मी एक वेळ सोडून देईन. काही वेळा सकाळी गाडी सुरू करताच मीटरमध्ये तीन-चार इशारादिवे एकदम लागतात आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की निघून जातात, तेही आता घरात सगळ्यांना सवयीचे झाले आहे. परंतु दोन प्रसंगांनंतर मी स्वस्थ बसू शकत नाही. पहिला कसारा घाटातला. पाऊस आणि धुके, गाडीत पाच माणसे, समोरची काच आतून धूसर झालेली, आणि काचेवर हवा सोडण्याचे बटण आमच्या गाडीत पडद्यावरच असल्यामुळे आणि पडदा गोठलेला असल्यामुळे काहीच करता येईना. शेवटी पत्नीने रुमालाने काच पुसत मला रस्ता दाखवला. दुसरा प्रसंग सोसायटीच्या पार्किंगमधला. रिव्हर्स टाकला, पडद्यावर मागची मोकळी जागा स्वच्छ दिसत होती, आरशात मात्र वॉचमनने नुकतीच आणून लावलेली स्कूटर दिसली. पडद्यावरचे चित्र काही क्षणांपूर्वीचे होते आणि तिथेच अडकले होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी तीच उत्तरे मिळतात: ‘अपडेट मारले आहे’, ‘आमच्याकडे काही दिसले नाही’, ‘या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांत थोडेफार असते’. माझे प्रश्न असे. यातल्या कोणत्या दोषांमागे लागण्यात अर्थ आहे? जो दोष वर्कशॉपमध्ये कधी दिसतच नाही, तो त्यांच्या गळी कसा उतरवायचा? संपूर्ण युनिट बदलून मागणे शहाणपणाचे आहे का? आणि कायद्याने अशा दोषाला दोष मानले जाते का?

तारयंत्र (पिंपरी-चिंचवड)

वाहनांतील इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचणीचे काम करतो, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारी एकाच दोषाची रूपे असतील असे गृहीत धरू नका. मधला पडदा चालवणारे हेड युनिट हा एक स्वतंत्र संगणक असतो. मीटर वेगळा, ब्रेक आणि एअरबॅगची नियंत्रणे त्याहून वेगळी, आणि ही सगळी मंडळी गाडीतल्या अंतर्गत जाळ्यावरून, म्हणजे कॅन बसवरून, एकमेकांशी बोलतात. पडदा गोठला म्हणून ब्रेकवर परिणाम होत नाही. पण सकाळी परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम लागत असतील, तर सर्वांत आधी संशय १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतोच, आणि बॅटरी मुळात अशक्त असेल तर तो इतका खाली जातो की एखादे नियंत्रण मध्येच पुन्हा सुरू होते आणि बाकीची नियंत्रणे ‘अमुक उत्तर देत नाही’ अशी नोंद करून दिवा लावतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, बोनेट उघडून मल्टीमीटर लावला असता साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास दिसले तर ती जवळजवळ निम्मी रिकामी आहे. केवळ व्होल्टेजवर समाधान न मानता लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी, करून तिचा छापील कागद मागा. गाडी थोड्या अंतरावरच फिरत असेल, किंवा डॅशकॅम (रस्त्याचे चित्रण करणारा काचेजवळचा कॅमेरा) गाडी बंद असतानाही चालू राहत असेल, तर नवी बॅटरीसुद्धा अशी होते.

वायरलेस जोडणीत ओळख पटवण्यापुरते ब्लूटूथ वापरले जाते आणि त्यानंतरचा बहुतेक व्यवहार वायफायवरून चालतो. म्हणून काही दिवस चांगल्या प्रतीची, डेटा वाहून नेणारी केबल लावून पाहा. केबलवर जोडणी टिकली तर दोष वायफाय, फोनची बॅटरी वाचवण्याची सेटिंग किंवा फोनमधले व्हीपीएन यांत शोधता येतो. केबलवरही तुटत असेल तर मात्र हेड युनिटकडेच वळावे लागेल. चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात, हे जाता जाता.

कॅमेऱ्याचा प्रसंग गंभीर आहे. काळा पडलेला पडदा चालकाला निदान सावध तरी करतो, गोठलेले चित्र त्याला खोटे सांगते. रिव्हर्स गिअर पडल्याचा संदेश मिळाला की हेड युनिट कॅमेऱ्याकडून येणारे चित्र पडद्यावर टाकते. हे काम करणारा प्रोग्राम मध्येच अडकला, तर शेवटचे चित्र पडद्यावर तसेच राहते. चांगल्या रचनेत चित्र हलते आहे की नाही याची तपासणी सतत चालू असणे आणि ते थांबल्यास पडद्यावर सूचना येणे अपेक्षित आहे. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या पिवळ्या रेषांवरही विसंबू नका. त्या रेषा चित्राच्या वर वेगळ्या थरात काढलेल्या असू शकतात आणि खालचे चित्र मेलेले असतानाही त्या हलत राहू शकतात. मला एक सांगा: त्या वेळी पार्किंग सेन्सरची बीप वाजली का, आणि वाजली असल्यास आवाज मीटरमधून आला की गाण्यांच्या स्पीकरमधून? आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. काही गाड्यांत बीप हेड युनिटमार्फतच वाजते, आणि तसे असेल तर पडद्याबरोबर तीही जाऊ शकते.

अपडेटने सारे सुटेल या भरवशावरही राहू नये, कारण सॉफ्टवेअरचा वाटणारा दोष कधी कधी हार्डवेअरचा असतो. याचे गाजलेले उदाहरण टेस्लाचे आहे. मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या जुन्या गाड्यांत पडद्यामागच्या संगणकाला ८ जीबीची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते, आणि सतत नोंदी लिहून लिहून ती झिजली. पडदा बंद पडू लागला, त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवण्याची नियंत्रणे गेली, इशाऱ्याचे आवाजही गेले. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये रिकॉलची मागणी केली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. तुमच्या गाडीत तेच झाले आहे असे मी म्हणत नाही. पण कॅमेरा आणि काचेचे धुके या दोन गोष्टी तिकडे सुरक्षेच्या मानल्या गेल्या, हे तुमच्या उपयोगाचे आहे.

वऱ्हाडी वाटसरू (नागपूर)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते अनेकांना पटणार नाही. पडद्याच्या बारीकसारीक दोषांसाठी गाडी वारंवार वर्कशॉपला नेऊ नये. दर खेपेला डॅशबोर्ड उघडला जातो, क्लिपा निघतात, त्यांतली एखादी तुटते, एखादी तशीच बसवली जाते, आणि मग खराब रस्त्यावर जी खडखड सुरू होते ती गाडी विकेपर्यंत जात नाही. माझ्या मेहुण्याच्या गाडीत पडदा दुरुस्त झाला, पण डाव्या बाजूच्या एसीच्या जाळीजवळून असा आवाज येऊ लागला की त्याला पडद्याचा जुना दोष गोड वाटू लागला.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते. अशा वेळी पडदा मंद होणे किंवा काही मिनिटे उशिरा सुरू होणे हा बहुधा उष्णतेपासून बचाव असतो. समोरच्या काचेला आतून ऊन अडवणारा पडदा लावणे, गाडी सावलीत उभी करणे आणि नकाशासाठी फोनचा साधा स्टँड वापरणे यावर माझे भागते. गाणी थांबली तर थांबली.

तरीही घाटातल्या काचेच्या गोष्टीवर मी तुमच्या बाजूने आहे. जे नियंत्रण चालत्या गाडीत, न पाहता, हाताने सापडले पाहिजे ते पडद्यात कोंबण्याची ही फॅशन मला कधीच पटली नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीची मदत या पाच गोष्टींना हाताने चालणारी खरी नियंत्रणे असावीत, अशी भूमिका घेतली. त्या यादीत काचेचे धुके नाही, ते असायला हवे होते असे कसारा घाटातून वा वरंधा घाटातून पावसाळ्यात गेलेला कोणीही सांगेल. माझ्या पुढच्या गाडीसाठी मी खालच्या श्रेणीतले, बटणे असलेले मॉडेल घेणार आहे, घरचे कितीही हसले तरी. तुम्हाला तूर्त एक उपाय सुचवतो: पावसाळ्यात घाट चढण्यापूर्वीच एसी चालू करून हवेचा रोख काचेकडे करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पडद्याकडे हात न्यावा लागणार नाही.

जुना जॉबकार्डवाला (ठाणे)

अनेक वर्षे सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो.

अधूनमधून येणारा दोष वर्कशॉपला नकोसा असतो. तंत्रज्ञाला दिवसभरात ठरावीक गाड्या संपवायच्या असतात, आणि जो दोष त्याच्यासमोर घडत नाही त्यावर काम केल्याचा मोबदला डीलरला कंपनीकडून सहज मिळत नाही. वॉरंटीत हेड युनिट बदलायचे तर कंपनीची मंजुरी लागते, आणि मंजुरी पुराव्यावर मिळते. म्हणून ॲडव्हायझरशी वाद घालण्याऐवजी त्याच्या हाती पुरावा द्यावा. कंपनीकडे तोंड उघडायला त्यालाही तो हवाच असतो.

पहिली गोष्ट जॉबकार्ड, म्हणजे गाडी जमा करताना तक्रारी लिहिला जाणारा कागद. तुम्ही तक्रार सविस्तर सांगता आणि तो लिहितो ‘म्युझिक सिस्टिम चेक करणे’. या एका ओळीने तुमचा सुरक्षेचा दोष गाण्यांच्या तक्रारीत जमा होतो, आणि पुढे कोणीही कागद पाहिला तरी त्याला तेवढेच दिसते. सही करण्यापूर्वी कार्ड वाचा आणि तुमचेच शब्द लिहायला लावा. गाडी परत घेताना ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले असेल तर तेही चालेल. त्याची प्रत मात्र सोडू नका, कारण एकाच तक्रारीवर साचत गेलेली अशी कार्डे हाच पुढे तुमचा आधार असतो. तोंडी ‘बघून घेतो’ म्हणून गाडी ठेवून घेणाऱ्याकडून निदान एक ईमेल तरी घ्यावा.

दुसरी गोष्ट व्हिडिओ. तो शेजारच्या माणसाने काढावा, चालवणाऱ्याने नव्हे. एकाच चित्रणात पडदा, मीटरवरचे किलोमीटर आणि शक्य झाल्यास मागची खरी परिस्थिती आली पाहिजे. गोठलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत मागे एखादा माणूस हात हलवत उभा राहिला आणि तो पडद्यावर दिसला नाही, तर त्यावर कोणालाही काही बोलता येणार नाही. त्यासोबत सेटिंगमधल्या सॉफ्टवेअर व्हर्जनच्या पानाचा फोटो, अपडेटच्या आधी आणि नंतर, काढून ठेवा. ‘अपडेट मारले’ असे सांगितल्यावरही आकडा जुनाच असल्याचे मी माझ्याच काउंटरवर पाहिले आहे.

तिसरी गोष्ट क्रमाची. बॅटरीची वायर काढून लावणे हा वर्कशॉपचा आवडता इलाज आहे, पण त्याने साठलेले काही एरर कोड आणि नोंदी जाऊ शकतात. आधी स्कॅनर लावून सर्व नियंत्रणांचे कोड वाचा, त्याची छापील प्रत द्या, आणि मगच काय करायचे ते करा, असे स्पष्ट सांगावे. अपडेट करताना बॅटरीला चार्जर जोडलेला असावा. अर्ध्यावर वीज कमी पडली तर युनिट कायमचे मरू शकते. तुमचा दोष सकाळच्या पहिल्या सुरुवातीला येत असेल तर गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवायला द्या आणि सकाळी तंत्रज्ञाबरोबर स्वतः बसा. गरम गाडी दुपारी फिरवून हा दोष कधीच सापडणार नाही.

युनिट बदलून मागावे का? कोड किंवा व्हिडिओ हाती असेल तर मागावे, नुसत्या वैतागापोटी मागू नये. बदलून आलेल्या युनिटमध्येही सॉफ्टवेअर तेच असते आणि दोष सॉफ्टवेअरचा असेल तर तोही पाहुण्यासारखा परत येतो. शिवाय डॅशबोर्ड उघडण्याबद्दल वरच्या उत्तरात जे लिहिले आहे ते शंभर टक्के खरे आहे. उघडायचाच असेल तर एकदाच, पूर्ण तयारीने.

आणखी एक विचारतो. बाहेरून काही बसवले आहे का? डॅशकॅम, सबवूफर, दिवे? बाहेरची एखादी कापलेली वायर दिसली की वर्कशॉप तिकडेच बोट दाखवते.

कायद्याचा वाचक (पुणे)

कायदेशीर बाजू थोडक्यात लिहितो. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी वकिलांना कागद दाखवावेत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुमची तक्रार जिल्हा आयोगात बसते, कारण मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकमध्येच, ती दाखल करता येते, मग कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. १० ते २० लाखांच्या दरम्यानच्या किमतीसाठी शुल्क ४०० रुपये आहे आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. कंपनीच्या ग्राहक विभागातील वरिष्ठांपर्यंत विषय पोचायला कधी कधी तेवढेही पुरते.

मात्र अपेक्षा वाजवी ठेवा. ‘संपूर्ण गाडी बदलून द्या’ अशी मागणी केली की उत्पादनातला मूलभूत दोष सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि ज्या गाडीचे इंजिन व गिअर उत्तम आहेत तिच्याबाबत तो मिळवणे अवघड आहे. युनिटची विनामूल्य दुरुस्ती किंवा बदल, त्या भागावर वाढीव वॉरंटी आणि झालेल्या त्रासाची भरपाई, अशी मागणी अधिक टिकणारी ठरते. वॉरंटीची पुस्तिकाही एकदा वाचून घ्या, कारण कित्येक गाड्यांत टचस्क्रीन, बॅटरी, टायर यांच्या अटी बाकी गाडीहून निराळ्या असतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलसंबंधी कलम ११०-अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्या नियमांत दोषाची व्याख्या करताना वाहन आणि सुटे भाग यांच्याबरोबर सॉफ्टवेअरचाही उल्लेख आहे, अट एवढीच की त्यामुळे रस्त्यावरील सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका पोचत असला पाहिजे. सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या मालकाला सरकारी पोर्टलवर अशी तक्रार नोंदवता येते. एका तक्रारीने रिकॉल होत नाही, त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी याव्या लागतात. पण ‘सगळ्याच गाड्यांत असते’ हे जे वाक्य तुम्हाला समजूत घालण्यासाठी सांगितले जाते, ते या ठिकाणी त्यांच्याच विरोधात जाते. ते लेखी मिळाले तर जपून ठेवा.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. बॅटरी तपासून घेतली. सकाळी व्होल्टेज १२.१ होते आणि लोड टेस्टच्या कागदावर ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असा शेरा आला. डॅशकॅम आहे, आणि तो गाडी बंद असतानाही चालू राहतो असे आता लक्षात आले. परंतु तो बाहेरून बसवलेला नाही. डिलिव्हरीच्या वेळी शोरूमनेच ॲक्सेसरीज पॅकेजमध्ये बसवून दिला होता आणि बिलात त्याची स्वतंत्र ओळ आहे. त्याची वायर काढून ठेवल्यापासून सकाळचे इशारादिवे पुन्हा लागलेले नाहीत. पडदा मात्र त्यानंतरही एकदा गोठला, म्हणजे तो दोष वेगळाच दिसतो. सेन्सरची बीप त्या दिवशी वाजली होती आणि ती मीटरच्या बाजूने आली होती. फोन केबलवर व्यवस्थित चालतो, त्यामुळे तो विषय मी सोडून दिला आहे.

मुलाला मागे उभे करून कॅमेऱ्याची चाचणी घ्यायला पत्नीने साफ नकार दिला, म्हणून मी स्वतः उभा राहिलो आणि तिने व्हिडिओ काढला. गिअर अर्थातच पार्किंगमध्ये होता आणि हँडब्रेक ओढलेला होता, रिव्हर्समधले चित्र त्याआधीच गोठून पडद्यावर राहिले होते. व्हिडिओत मी हात हलवतो आहे आणि पडद्यावर मागे फक्त भिंत आहे. आता जॉबकार्डवर नेमके काय लिहून घ्यावे?

जुना जॉबकार्डवाला (ठाणे)

हा व्हिडिओ उत्तम आहे, आणि गिअर पार्किंगमध्ये आल्यावरही मागचे चित्र पडद्यावर राहिले ही गोष्ट त्यात दिसत असेल तर दुप्पट उत्तम, कारण हेड युनिट संपूर्ण अडकल्याचे त्यातून उघड होते. डॅशकॅमचे बिल ॲडव्हायझरने विचारण्यापूर्वीच त्याच्यासमोर ठेवा.

दोन तक्रारी दोन स्वतंत्र ओळींत लिहून घ्या, एकत्र नकोत. पहिली: ‘रिव्हर्स कॅमेऱ्याचे चित्र गोठते व मागील अडथळा दिसत नाही, सुरक्षेचा प्रश्न, व्हिडिओ दिला आहे, सध्याचे सॉफ्टवेअर व्हर्जन अमुक.’ दुसरी: ‘चालत्या गाडीत टचस्क्रीन गोठते व समोरच्या काचेवरील धुके घालवण्याचे नियंत्रण चालत नाही.’ त्याखाली ‘बॅटरी न काढता सर्व नियंत्रणांचे कोड वाचून प्रत द्यावी आणि हेड युनिटच्या नोंदी कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे पाठवून तिकीट क्रमांक कळवावा’ असे लिहा. तिकीट क्रमांक, म्हणजे कंपनीकडच्या तक्रारीचा नोंद क्रमांक, मिळाला की पुढचा पाठपुरावा डीलरकडे न करता थेट कंपनीकडे ईमेलने करा. शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी सर्व्हिसिंगची गर्दी असते आणि स्कॅनरवाला तुमच्या वाट्याला येणार नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी वर्कशॉप उघडताना पोचा.